मेलवारम् ते मोट्टम : तंजावरच्या गावांतील सारावाटणी

सरकारने गावावर किती सारा बसवला, एवढ्यावरून त्या साऱ्याचा भार कोणावर किती पडला हे समजत नाही. गावाचा आकडा माणसागणिक कोणी फोडला, हे पाहावे लागते. व्यंकोजी भोसले यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतल्यापासून १८५५ मध्ये ते राज्य खालसा होईपर्यंतचा, आणि त्यानंतरच्याही काळाचा, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील महसुली इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे.

येथे धान्याच्या राशीचे दोन भाग होत : सरकारचा वाटा तो मेलवारम् आणि कसणाऱ्याकडचा तो कुडिवारम्. अधिकाऱ्यांनी उभ्या पिकाचा अंदाज घेऊन प्रत्यक्ष वाटणी करण्याच्या पद्धतीला अमानी म्हणत. कालव्याच्या मुखाशी असलेल्या गावाला वेळेवर मिळणारे पाणी शेपटाकडच्या गावाला उशिरा मिळे, त्यामुळे दोघांना एकच मापदंड लावणे अन्यायाचे होते. आणि अंदाज करणाऱ्याला खूश ठेवण्याची सोय तर सर्वत्रच होती. गावाच्या आत मात्र वाटणीची स्वतःची रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील नोंदीनुसार तंजावर प्रांतातील ५,७८३ गावांपैकी १,८०७ एकभोगम्, म्हणजे एकाच मिरासदाराची (वंशपरंपरेने जमिनीचा हक्क असलेल्याची) होती, २,२०२ गावांतील जमीन हिस्सेदारांत कायमची विभागलेली होती आणि १,७७४ समुदायम् गावांत ती सामाईक होती. सामाईक गावांपैकी काहींत ठरावीक वर्षांनी हिश्श्यांची फेरवाटणी करण्याची चाल होती, जेणेकरून खाचखळग्याची किंवा पाण्यापासून दूरची जमीन एकाच्याच माथी कायमची बसू नये. ज्याच्यावर जेवढा सारा, त्याच्याकडे तेवढ्या कसाची जमीन, हे तत्त्व सरकारी दफ्तराच्या आधी गावानेच ओळखले होते.

१७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने हा प्रदेश उजाड केला, तेव्हा दुसरे तुळजाजी राजे यांचे मंत्री बाबा पंडित यांनी पट्टकदारी रूढ केली. पट्टक म्हणजे वसुलीसाठी एकत्र बांधलेला गावांचा गट, आणि त्यातील साऱ्याची हमी घेणारा, बहुधा स्वतःच बडा मिरासदार असलेला इसम तो पट्टकदार; कोणाकडे एकच गाव असे, तर कोणाकडे शंभराहून अधिक. ओसाड मुलखात सत्तेला जामीन हवा होता, म्हणून ही योजना तेव्हा समजण्यासारखी होती. परंतु ज्याच्याकडे गटाचा आकडा पुरा करण्याची जबाबदारी, त्याच्याच हाती तो माणसागणिक फोडण्याचा अधिकारही आल्यामुळे, आपल्या शेतावरचा भार दुबळ्या मिरासदाराकडे सरकवणे त्याला सोपे झाले. दोष आकड्यापेक्षा या एकवटलेल्या अधिकारात होता. १७९९ च्या तहाने दुसरे सरफोजी राजे यांच्याकडून मुलखाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि लवकरच पट्टकदारी मोडण्यात आली.

कंपनीने पुढे आणलेल्या ओळुंगु पद्धतीत एका प्रमाण भावाने सारा ठरे. बाजारभाव त्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक चढला तर लाभ सरकारचा आणि ५ टक्क्यांहून अधिक उतरला तर तूटही सरकारने सोसायची. त्यानंतरच्या मोट्टमफैसल पद्धतीत गावाची एकूण रक्कमच कायम केली गेली (मोट्टम म्हणजे एकूण) आणि तिची फोड पुन्हा मिरासदारांवर आली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रयतवारी मोजणी होऊन आकारणी शेतागणिक झाली.

या सर्व पद्धतींत ज्याच्या नावे आकडा लागे तो हिस्सेदार होता. मिरासदाराच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या पण्णैयाळ मजुराला गावाच्या वाटणीत हिस्सा नव्हता. त्याच्या धान्यरूपी मजुरीचे प्रमाण कायद्याने ठरले ते १९५२ मध्ये, तंजावरच्या कुळांच्या व पण्णैयाळांच्या संरक्षणासाठी मद्रास राज्याने केलेल्या कायद्यात.