चांदी कुठवर चढली?

सोनं आणि चांदी एकत्र घालावी की नाही, यावर सध्या फोनवर भरपूर सल्ले मिळतात. घड्याळ चंदेरी असेल तर अंगठी सोन्याची चालेल का? सोन्याच्या साखळीसोबत ऑक्सिडाइज्ड ठुशी बरी दिसेल का? या सगळ्याचा सूर असा असतो की हा जुना नियम आपलीच पिढी पहिल्यांदा मोडते आहे.

भोर किंवा वेल्ह्यातल्या कुठल्याही लग्नाला जा आणि मांडवातली नवरी नीट पाहा. नाकात सोन्याची नथ, गळ्यात सोन्याच्या वाट्या आणि पायात चांदीची जोडवी. दोन्ही धातू एकाच अंगावर असतात आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

नियम होता, पण तो एकत्र घालण्याबद्दलचा नव्हता. सोनं म्हणजे लक्ष्मी, तिला पाय लागू द्यायचा नाही, म्हणून कमरेच्या खाली सोनं नको, एवढंच त्याचं म्हणणं. जोडवी, विरोद्या, मासोळ्या, पैंजण, तोरड्या हे सगळं चांदीचं. कंबर ही सीमा. खुद्द कमरपट्टा ऐपतीप्रमाणे सोन्याचा किंवा चांदीचा होई.

या नियमाची गंमत अशी की तो एकाच दिशेने चालायचा. सोन्याला खाली उतरायला मनाई होती, चांदीला वर चढायला नव्हती. ऐपत नसली की चांदी वर चढायची. दंडात चांदीची वाकी यायची, गळ्यात चांदीची सरी यायची. पुतळ्यासुद्धा कधी चांदीच्या असत, वर फक्त सोन्याचा मुलामा. बाईच्या अंगावर चांदी कुठवर चढली आहे, यावरून घरची परिस्थिती ओळखता येई.

हे दोन्ही धातू या डोंगरात पिकत नाहीत. इथे पिकतो भात आणि नाचणी. मग हे आले कुठून?

तोरण्याची दुरुस्ती चालू असताना शिवाजी महाराजांना धन सापडलं आणि ते राजगडाच्या बांधकामाला लागलं, असं बखरी सांगतात. त्याच राजगडाचं नाव आता वेल्हे तालुक्याला मिळालं आहे. रायगडाआधीची स्वराज्याची राजधानी ती हीच. 1664 च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली, ती लूट राजगडावर आली. सुरत म्हणजे तेव्हाच्या जगाच्या बाजारपेठांपैकी एक. दक्षिण अमेरिकेतल्या खाणींमधली चांदी युरोप आणि तांबड्या समुद्रामार्गे तिथे उतरे आणि तिथल्या टांकसाळीत तिचे रुपये पडत.

सोन्याचीही अशीच लांबची वाट. आपण अस्सल मराठमोळी म्हणून मिरवतो ती पुतळ्यांची माळ मुळात परदेशी नाण्यांची. इटलीतल्या व्हेनिस शहराने 1284 पासून डुकाट नावाचं सोन्याचं नाणं पाडलं. साडेतीन ग्रॅम वजन, जवळपास शुद्ध सोनं, आणि 1797 मध्ये ते राज्य संपेपर्यंत त्यात फारसा फरक नाही. म्हणून ते कुठेही डोळे मिटून घेतलं जाई. त्याच्यावर व्हेनिसचा प्रमुख एका ख्रिस्ती संतासमोर गुडघे टेकून बसलेला असतो. आपल्याकडच्या लोकांना त्या माणसांच्या आकृतींत पुतळ्या दिसल्या. नाण्याचं नाव पुतळी पडलं आणि पुढे सोनारांनी त्याच घाटाच्या चकत्या घडवल्या.

चांदीच्या बाजूला हेच काम रुपयाने केलं. 1835 पासूनचा कंपनीचा आणि नंतरचा राणीछाप रुपया वजनाने बरोबर एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि त्यातली जवळपास 92 टक्के चांदी. म्हणजे रुपया हे नाणंही होतं आणि वजनही. वीस रुपये कड्या लावून ओवले की वीस तोळ्यांची माळ, जवळपास पाव किलो. बँक नसलेल्या गावात ही माळ म्हणजे बाईचं खातं होतं. भाताची कापणी चांगली झाली तर दोन रुपये वाढले, पाऊस फिरला तर चार उतरले.

उतरले की ते जात सावकाराकडे. पुणे जिल्ह्याने या सावकारीचा भडका पाहिला आहे. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. सुपं भोरपासून फार लांब नाही. तोरणा-राजगडाचा मुलूख मात्र तेव्हा पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. ते संस्थान 1948 मध्ये विलीन झालं.

कर्जवसुली आणि दागिने यांच्यात कायद्यालाही एक रेघ ओढावी लागली. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार, धार्मिक रूढीप्रमाणे जे दागिने बाई अंगावरून काढू शकत नाही ते जप्त करता येत नाहीत. ही तरतूद आजही आहे. त्या रेघेच्या अलीकडे मंगळसूत्र. पलीकडे पुतळ्या, सरी, वाकी आणि रुपयांची माळ, म्हणजे जे जे बाईने स्वतः साठवलं ते बहुतेक सगळं.

रुपयांची माळ पुढे आपोआप संपली. 1940 मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि 1947 मध्ये रुपया निकेलचा झाला. निकेल ओवून काय करणार? सोन्याची पाळी नंतर आली. चीन युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये, सुवर्ण नियंत्रणाचा नियम निघाला आणि नवे दागिने 14 कॅरटच्या वर घडवायला बंदी झाली. सोनारांचा धंदा बसला. 14 कॅरटची अट काही वर्षांत गेली, पण सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 पर्यंत होता.

2025 मध्ये दहा ग्रॅम सोनं लाखाच्या पुढे गेलं आणि चांदीचाही भाव कडाडला. अशा वेळी घरोघरी जुने डबे उघडतात. आजीच्या तोरड्या, सरी, जुनी वाकी सराफाकडे मोडीत जाते. मोडीचा हिशेब सरळ असतो: वजन करायचं, घट वजा करायची, उरलेल्याचा भाव द्यायचा. घडणावळ शून्य. ती सरी कुणाची, कुठल्या साली घेतली, गळ्यातली ठुशी गहाण पडली तेव्हा तिच्या जागी आली का, याला काट्यावर वजन नाही.

आणि त्याच आठवड्यात त्याच घरातली मुलगी पुण्यातल्या प्रदर्शनातून तशाच घाटाची ऑक्सिडाइज्ड सरी आणते, सोन्याच्या साखळीबरोबर घालते आणि फोटो टाकते. छान दिसतेच ती. तिच्या पणजीच्या गळ्यातही कदाचित तीच जोडी होती. फरक एवढाच की पणजीला ती निवडता आली नव्हती.

मोडू नका असं कुणी कुणाला सांगू नये. फी भरायची असते, दवाखाना असतो, आणि दागिना अशाच वेळेसाठी साठवलेला असतो. पण काट्यावर ठेवण्याआधी फोन हातात असतोच. दागिन्याचा फोटो काढा आणि घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा, हे कमरेच्या वर घालायचे की खाली, आणि का. जे उत्तर मिळेल ते फोटोखाली लिहून ठेवा. आपल्या घरचा एवढा इतिहास दुसऱ्या कुठल्या कागदावर सापडणार नाही.