भोर-वेल्ह्यातील बॅटरी चार्जिंगचा धंदा

उतरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीत उलट दिशेने वीज सोडून तिच्या प्लेटा पूर्वस्थितीला आणणे, याला चार्जिंग म्हणतात. त्यासाठी एकाच दिशेने वाहणारी वीज देणारा चार्जर लागतो, वायरीची जोडी लागते आणि बॅटरीचे खुंट पकडायला दोन चिमटे लागतात. चार्जरचे कौतुक सगळेच करतात. काम मात्र बहुतेक वेळा बिघडते ते चिमट्यापाशी नाहीतर वायरीत. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या या धंद्याचा इतिहास पाहताना म्हणूनच चिमटा आणि वायर यांच्याकडे नीट पाहावे लागते.

हा मुलूख सह्याद्रीच्या माथ्यालगतचा. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे अशी त्याची जुनी विभागणी. राजगड आणि तोरणा हे किल्ले वेल्ह्यात आहेत, आणि २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. पाऊस उदंड, वस्त्या विखुरलेल्या, खोऱ्याखोऱ्यांमध्ये डोंगराच्या भिंती. अशा मुलखात विजेचा खांब उशिरा पोहोचतो. पाणी मात्र इथे लवकर अडवले गेले. वेळवंडी नदीवरचे भाटघरचे मोठे धरण १९२८ साली पुरे झाले. गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्याला दिले गेले आणि नीरेच्या कालव्यांतून त्याचे पाणी बारामती, इंदापूर, फलटणकडच्या शेतांना गेले. त्याच धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचे वीजघर सुरू व्हायला १९७७ साल उजाडले. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत आतल्या गावांत वीज आली ती बहुधा बॅटरीच्या खोक्यातून, खांद्यावर, बैलगाडीत किंवा एसटीच्या टपावर बसून.

ही शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ साली बनवली आणि कामीय फोर यांनी १८८१ साली तिच्या प्लेटांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन ती कारखान्यात बनवण्याजोगी केली. मोटारीशी तिची गाठ पक्की झाली १९१२ साली. त्या वर्षी अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर बसला. त्याआधी इंजिन हँडल मारूनच सुरू होई, आणि नंतरही कित्येक वर्षे गाडीसोबत हँडल असेच.

भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे राजधानीचे गाव. पुणे-सातारा रस्त्यावरच्या कापूरहोळहून भोरला आणि नसरापूरहून वेल्ह्याला फाटा फुटतो. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्याच वर्षी १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. पुढे एसटीचे जाळे तालुक्यातालुक्यांत पसरले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या जीप आणि ट्रकही तोवर देशभर खासगी धंद्यात आले होते. अशा गाड्यांमागे पंक्चरवाला आला, मिस्त्री आला आणि बॅटरीवालाही आला.

त्या काळची बॅटरी आजच्यासारखी बंद डबा नव्हती. काळ्या कठीण रबराचे खोके, वर डांबरासारखे मेण ओतलेले, आणि एका सेलकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या शिशाच्या जाड पट्ट्या उघड्यावर. सहा व्होल्टला तीन सेल, बारा व्होल्टला सहा. पट्ट्या उघड्या असल्यामुळे कारागीर प्रत्येक सेल वेगळा तपासू शके. दोन टोकांचा टेस्टर पट्टीवर दाबला की कोणता सेल बसला ते तत्काळ कळे. मग वरचे मेण तापवून खरवडायचे, मेलेला सेल उपसून काढायचा, नव्या प्लेटा आणि लाकडी पडदे घालायचे, शिसे वितळवून पट्टी पुन्हा जोडायची. बॅटरीवाला हा त्या अर्थाने पुरता कारागीर होता. आम्लाने भोके पडलेला सदरा, हाती काचेचा हायड्रोमीटर, बाजूला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. बॅटरीतल्या आम्लाच्या पाण्याची घनता १.२६ ते १.२८ च्या दरम्यान आली की बॅटरी भरली, १.१० च्या आसपास उतरली की रिकामी. उघडता येणाऱ्या बॅटरीसाठी ही परीक्षा आजही भरवशाची आहे.

वीज उलटसुलट वाहणारी असेल तर ती आधी एकदिश करावी लागते. सुरुवातीला मोटरने फिरणारा डायनामो किंवा गॅस भरलेल्या बल्बसारखे रेक्टिफायर हे काम करीत. नंतर सेलेनियमच्या चकत्या आल्या आणि त्यांच्यामागून सिलिकॉनचे डायोड. जिथे वीजच नव्हती तिथे डिझेल इंजिनाच्या पट्ट्यावर डायनामो फिरवता येई. १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि हाताने फिरवून चालू करायची डिझेल इंजिने पुणे जिल्ह्यात ओळखीची झाली. दुकानात सहा-सात बॅटऱ्या फळीवर रांगेने मांडत, एकीचा धन खुंट दुसरीच्या ऋण खुंटाला जोडत आणि सगळ्या माळेत एकच प्रवाह सोडत. माळेतला एक सांधा सैल झाला की सगळी रांग थांबे. पिळलेल्या तारेऐवजी पक्के टर्मिनल वापरण्याची शिस्त या रांगेनेच लावली असावी.

गाड्या थोड्या होत्या, तरी धंदा चालला, कारण गाडीखेरीज इतरांनाही बॅटरी हवी होती. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने याच केंद्राने शेतकरी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. पुण्यासह पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावे त्यात होती. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि नंतर चर्चा करीत. जगभर गाजलेल्या या प्रयोगाच्या अहवालांत चर्चेचे महत्त्व पुष्कळ सांगितले जाते. पण वीज नसलेल्या गावात रेडिओ बोलता ठेवायचा म्हणजे बॅटरी ताजी ठेवायची, आणि ही जबाबदारी चर्चेइतकीच मोलाची होती. ट्रान्झिस्टर आल्यावर रेडिओपुरती ही गरज संपली. लग्नातला, जत्रेतला, निवडणुकीतला कर्णा मात्र बारा व्होल्टच्या बॅटरीवरच वाजत राहिला. लाऊडस्पीकरवाल्याच्या दोन बॅटऱ्या असत, एक मांडवात आणि एक चार्जिंगला. १९७३ साली सिंहगडावरून दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागू लागले, तेव्हा वीज नसलेल्या किंवा गेलेल्या खेड्यांत ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिच्यावर कृष्णधवल टीव्ही लावण्याची रीत पडली.

या साऱ्या ये-जा करणाऱ्या बॅटऱ्यांमुळे चिमट्याला महत्त्व आले. गाडीत कायमची बसलेली बॅटरी नटबोल्टच्या टर्मिनलने घट्ट धरता येते. दुकानात दिवसाला दहा बॅटऱ्या लागणार आणि निघणार, तिथे स्प्रिंगचा दातेरी चिमटाच हवा. असे चिमटे अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून तयार मिळू लागले, आणि आपल्याकडे त्यांना मगर क्लिप हे नाव सहज बसले. दिसायला सगळे चिमटे सारखेच. फरक आत असतो. साध्या चिमट्याची वायर एकाच जबड्याला जोडलेली असते. दुसऱ्या जबड्याने खुंट घट्ट धरला तरी तिथली वीज बिजागरीच्या खिळ्यातून आणि स्प्रिंगमधून फिरून येते. प्रवाह जास्त झाला की स्प्रिंग तापते, तिचा ताण जातो, पकड ढिली होते आणि ढिली झाल्यामुळे ती आणखी तापते. चांगल्या चिमट्यात दोन्ही जबड्यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते आणि दात तांब्याचे किंवा शिशाचा मुलामा दिलेले असतात. चिमटा घेताना जबडा उघडून आत ही पट्टी आहे की नाही एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. नुसत्या पत्र्याचा चिमटा चार-पाच अँपिअरपर्यंत निभतो, पुढे नाही.

खुंटांची मापेही सारखी नसतात. मोठ्या खुंटांच्या बॅटरीत धन खुंट वरच्या टोकाला साधारण १७.५ मिलिमीटर आणि ऋण खुंट सुमारे १६ मिलिमीटर जाड असतो. टर्मिनल उलटे बसू नये म्हणून हा फरक ठेवलेला. १९८३ साली मारुती ८०० आली तिच्यासोबत बारीक जपानी खुंट आले, पंधरा मिलिमीटरहूनही कमी. जुनी टर्मिनले त्यांवर गरगर फिरू लागली. काहींनी मध्ये पत्र्याची चकती कोंबली, आणि तिथे ठिणग्या पडून खुंटच झिजले. त्यासाठी शिशाची बारीक टोपणे मिळतात, तीच वापरणे योग्य.

रंगाचाही घोळ एके काळी मोठा होता. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेले असे. जीपसारख्या अमेरिकन गाड्यांत ऋण टोक बॉडीला. ‘काळी वायर बॉडीला’ हा नियम पाठ करून काम करणारा पोऱ्या ब्रिटिश गाडीपाशी चुकला की डायनामो किंवा चार्जर जळे. जाणता कारागीर रंगावर विसंबत नसे. खुंटावरचे अधिक-उणे चिन्ह पाही, आणि ते पुसले असेल तर जाड खुंट कोणता ते पाही.

वायरीचा हिशेब साधा आहे, पण तो फार कमी लोक करतात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तीन मीटर लांब वायरीतून दहा अँपिअर प्रवाह गेला, तर जाता-येता सहा मीटरमध्ये सुमारे एक व्होल्ट वाया जातो. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत तोच तोटा ०.४ व्होल्टवर येतो, चारच्या वायरीत पाव व्होल्टवर. चार्जर आपल्या जागी १४.४ व्होल्ट दाखवतो, खुंटावर मात्र १३.४ च पोहोचतात आणि बॅटरी रात्रभर लावूनही अर्धवट राहते. गिऱ्हाईक बॅटरीला दोष देते, दुकानदार कारखान्याला. दोष वायरीचा असतो. बॅटरीच्या अँपिअर-अवर क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका प्रवाह द्यावा, हा या धंद्यातला जुना नियम. त्या हिशेबाने ८० अँपिअर-अवरच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला आठ अँपिअर लागतात, आणि चार्जर हाताशी असेल तर अडीचची वायर पुरते. ॲल्युमिनियमची वायर इथे घेऊ नये. आम्लाच्या वाफेने तिचे टोक लवकर खाल्ले जाते. तांब्याचेही टोक उघडे ठेवले तर आम्ल तारांमधून वर चढते. वायर वरून धडधाकट दिसते आणि इन्शुलेशन सोलले की आत हिरवा खार निघतो. म्हणून टोकाला लग, म्हणजे बोल्ट बसेल अशी धातूची कडी, दाबून वर ग्रीस लावतात. खुंटावर पांढरा खार चढला तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून तो धुतात. धन वायरीत चार्जरपाशी फ्यूज हवाच.

जोडण्याचा क्रमही अनुभवातून ठरला आहे. भरत आलेली बॅटरी हायड्रोजन सोडते आणि हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. आधी चिमटे लावायचे, मग चार्जर चालू करायचा. काढताना आधी चार्जर बंद. बॅटरी गाडीतच असेल तर बॉडीकडचा चिमटा बॅटरीपासून दूर, चॅसिसच्या उघड्या लोखंडावर.

धरणांच्या काठी हा विषय वेगळा होतो. भाटघर आणि पानशेतच्या जलाशयांनी जुन्या वाटा बुडवल्या. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, नंतर पुन्हा बांधले गेले, आणि पाणलोटातल्या वस्त्यांना होडीचा आणि लाँचचा आधार राहिला. रस्त्यावर गाडी बंद पडली तर चार माणसे धक्का मारतात. पाण्यात तो मार्ग नाही; बॅटरी उतरली की हँडलचे इंजिन असेल तरच निभाव. लाकडी किंवा फायबरच्या होडीला लोखंडी बॉडी नसते, म्हणून परतीची वायरही वेगळी ओढावी लागते आणि लांबीचा हिशेब दुप्पट होतो. दमट हवेत कल्हई केलेल्या तांब्याची वायर टिकते. लाटांच्या हादऱ्याने स्प्रिंगचा चिमटा सुटतो, तेव्हा होडीवर बोल्टाने कसलेली लगच हवी. हायड्रोजन हलका, तो फळ्यांखाली वर साचतो. पेट्रोलची वाफ जड, ती तळाशी. दोन्हींच्या मध्ये ठिणगी नको, म्हणून बॅटरी काठावर आणून उघड्या हवेत चार्ज करणे सर्वांत सुरक्षित.

पुढे गाड्यांत डायनामोच्या जागी अल्टरनेटर आले, गाडी संथ चालतानाही बॅटरी भरू लागली. १९६९ साली चिंचवडला बॅटरीचा कारखाना निघाला होताच; पुढे प्लास्टिकच्या बंद बॅटऱ्या आल्या आणि सेल उपसण्याचे काम संपले. या शतकाच्या सुरुवातीच्या भारनियमनाने इन्व्हर्टरच्या रूपाने धंद्याला पुन्हा जीव दिला. २००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेणे उत्पादकांवर आणि विक्रेत्यांवर बंधनकारक झाले आणि २०२२ च्या नियमांनी उत्पादकांची ती जबाबदारी आणखी वाढवली. आजचे बरेच इलेक्ट्रॉनिक चार्जर उलटे जोडले तर सुरूच होत नाहीत आणि बॅटरी भरली की आपोआप थांबतात. खुंटावरचा व्होल्टेज मात्र तेही बहुधा याच दोन वायरींतून मोजतात. लिथियमच्या बॅटरीला जुना चार्जर लावता येत नाही. तिला तिच्याच जातीचा, तिच्या संरक्षक सर्किटला जुळणारा चार्जर लागतो.