मोटारीतील ऊब आणि तिची चिकित्सा

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी जेमतेम एकतृतीयांश चाके फिरविण्याच्या कामी येते आणि बाकीची धुरावाटे व पाण्यावाटे वाया जाते, हे मोटारी घडविणारांना आरंभापासून ठाऊक होते. तरीही त्याच इंजिनामागे दोन-तीन हातांवर बसलेला उत्तर अमेरिकेतील प्रवासी हिवाळ्यात कित्येक वर्षे कुडकुडतच राहिला, हे मोटारीच्या इतिहासातील मला सर्वांत नवलाचे प्रकरण वाटते. घोडागाडीचाच दस्तूर पुढे चालू राहिला होता : मांडीवर जाड पांघरूण आणि पायांशी पेटत्या कोळशाची, गालिच्याने मढविलेली पत्र्याची पेटी. तीत नादुरुस्त होण्यासारखे काही नव्हते. कोळसा विझला की दुसरा घालावा, एवढाच इलाज. 1919 मध्ये अमेरिकेतील दहांपैकी नऊ मोटारी उघड्याच असत, तेव्हा याहून मोठी तजवीज करूनही ऊब टिकणार कोठे? 1927 पर्यंत शेकडा पंचाऐंशी मोटारी बंदिस्त झाल्या, आणि ऊब कोंडून धरणारी खोली मिळाली तेव्हाच हीटरला खरा अर्थ आला.

पहिली वाट धुराची. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापल्या नळीभोवती पत्र्याचे आवरण बसवून त्यातली गरम हवा आत सोडावी, अशी ही योजना. फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए मोटारींना असे हीटर बसविले जात. ऊब लवकर मिळे, परंतु धुराचा जोड सैल झाला किंवा नळीस चीर पडली, तर उबेबरोबर विषारी वायूही आत येई. या हीटरची परीक्षा नाकाने करावी लागे, आणि तीही पुरती विश्वसनीय नव्हे; कारण धुराला वास असला तरी त्यातील कार्बन मोनॉक्साइडला मुळीच वास नसतो, आणि त्याचा पहिला खुलासा डोकेदुखीच करी. फोल्क्सवॅगनच्या बीटलला, तिच्या इंजिनात पाणीच नसल्यामुळे, पुढेही हीच वाट धरावी लागली.

दुसरी वाट पाण्याची, आणि माझ्या मते खरी प्रगती हीच. इंजिनातील गरम पाणी प्रवाशांजवळच्या छोट्या रेडिएटरमधून फिरवून त्यावर पंख्याने हवा सोडण्याची पद्धत 1930 नंतर रूढ झाली. 1938 मध्ये नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा त्यावरून आत घेण्याची व्यवस्था केली आणि पुढील वर्षी तिला थर्मॉस्टॅटची जोड दिली. मात्र पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल मिसळण्याची रीत होती, आणि ते पाण्याच्या कितीतरी आधीच उकळून उडून जात असल्यामुळे इंजिन थंडच ठेवणे भाग पडे. मग हीटर कोमटच राहिला तर त्यात त्याचा काय दोष? 1927 पासून बाजारात आलेल्या ग्लायकॉलने ही अडचण हळूहळू दूर केली.

या पाण्याच्या हीटरने परीक्षेचे काम नाकाकडून तळहाताकडे सोपविले, आणि ती पद्धत आजही तीच आहे. इंजिन थंड असताना प्रथम रेडिएटरमधील पाणी पाहावे, कारण ते कमी असल्यास वा आत हवा अडकल्यास सर्वांत आधी हीटरच उपाशी राहतो. मग इंजिन तापवून, पंखा व पट्टा सांभाळून, हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्यांना हात लावून पाहावा. दोन्ही कोमट असतील आणि तापमानाचा काटाही वर चढत नसेल, तर इंजिनाचा थर्मॉस्टॅट उघडाच अडकला आहे असे समजावे. एक गरम व दुसरी थंड असेल, तर पाण्याचा कॉक बंद आहे किंवा छोटा रेडिएटर गंजाच्या गाळाने तुंबला आहे. आणि दोन्ही गरम असूनही ऊब येत नसेल, तर पाण्याला दोष न देता फ्यूज, पंखा अथवा हवेचा पडदा तपासावा. घाईने थर्मॉस्टॅट बदलून मग नळ्या चाचपणारा कारागीर मला तरी पसंत नाही.

1968 च्या आरंभी अमेरिकेच्या शासनाने मोटारींना पुढील काचेवरचे दव व हिम काढण्याची यंत्रणा सक्तीची केली, आणि या उबेचे नाते सुखाइतकेच दृष्टीशीही जडले. त्या काचेवर चिकट बाष्प साचू लागले आणि आत गोडसर वास दरवळला, तर जाणता कारागीर आजही बोनेट उघडण्यापूर्वी पुढच्या प्रवाशाच्या पायांखालचा गालिचा ओलसर आहे काय, हे चाचपतो. कारण छोटा रेडिएटर फुटला की ग्लायकॉल प्रथम तेथेच उतरते.