कोसबाडची वाट आणि पालघरची कॉलेजे

चिकित्सक विचार करणारे विद्यार्थी घडवायचे, हे आता प्रत्येक अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत असते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ते आहेच. पण असा विचार शिकवायचा कसा, हे प्राध्यापकाला कोण शिकवणार? नेट-सेटमध्ये त्याची पात्रता ठरते, पण वर्गात प्रश्न उभा करण्याचा आणि तो सुटेपर्यंत गप्प राहण्याचा सराव तिथे होत नाही. चिकित्सक विचारासाठी विद्यार्थ्यांना वेगळा पेपर ठेवावा असे सुचवले जाते. मला ते पटत नाही. ही तयारी शिक्षकाचीच करावी लागते, आणि त्याचा भक्कम दाखला आजच्या पालघर जिल्ह्यातच, डहाणू तालुक्यात आहे.

राजकोटच्या बार्टन कॉलेजचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे बालशिक्षणाच्या कामात आल्या. शिक्षिका तयार करणारी संस्था चालवलेली ही बाई, त्यामुळे मुलाआधी शिक्षिकेकडे पाहण्याची नजर तिला होती. १९४५ साली डहाणू तालुक्यात बोर्डीला त्यांचे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई वाघ ताराबाईंबरोबर आल्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने झाली. वारली पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच पाड्यावर, अंगणात गेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुले का येत नाहीत याचे उत्तर ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही’ असे तयार मिळत होते. त्यावर न थांबता दोघींनी मुलाचा दिवस कसा जातो ते पाहिले आणि पद्धत बदलली. गृहीतक तपासणे म्हणजे तरी दुसरे काय? शिकवणाऱ्यांनी ते स्वतः केले, आणि सोबत बालसेविकांच्या प्रशिक्षणाचीही सोय उभी केली.

यावर आक्षेप येईल की चार वर्षांच्या मुलाचे खेळणे आणि एफवायबीएस्सीचा वर्ग यांत काय साम्य? विषय वेगळा, वय वेगळे, हे खरेच. पण माँटेसरी पद्धतीत शिक्षकाचे पहिले काम निरीक्षण हे असते, आणि ते वयावर अवलंबून नाही. विद्यार्थी कुठे अडखळला हे ज्याला दिसत नाही, तो फक्त टिपणे उतरवून देऊ शकतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: वर्गात शंभराच्या वर मुले, भरगच्च अभ्यासक्रम आणि सत्रअखेरची परीक्षा. म्हणूनच वेगळा पेपर नको, कारण तोही पाठ होईल. आहे त्याच धड्यात जागा शोधावी लागेल, आणि बोईसर-तारापूरला ती शोधायला लांब जावे लागत नाही. १९६९ साली इथे देशातला पहिला अणुवीज प्रकल्प सुरू झाला. पुढच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे विस्थापित झाली. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला या मच्छीमार समाजाची परिषद हरित लवादापुढे गेली. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने सांडपाण्याचा एक तपासणी अहवाल फळ्यावर मांडावा आणि विचारावे: नमुना कुठून घेतला, कधी घेतला, ओहोटीला की भरतीला, आणि घेतला कोणी? वीजनिर्मितीचा लाभ आणि विस्थापनाची किंमत एका तराजूत कशी मांडायची, यावर अर्थशास्त्राचा एक तास सहज जाईल. कारखान्यात नोकरीला असलेल्यांची मुले आणि मच्छीमारांची मुले एकाच बाकावर बसतात. मते पक्की असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना पुरावा मागणे प्राध्यापकाला जड जाईल. म्हणूनच हे काम एकट्याने करू नये. दोन प्राध्यापकांनी जोडी करावी: एकाने शिकवावे, दुसऱ्याने मागच्या बाकावर बसून कोणी प्रश्न विचारला, कोण गप्प राहिले आणि शिक्षकाने उत्तर देण्याची घाई कुठे केली याची नोंद करावी, मग पुढच्या आठवड्यात जागा बदलाव्यात. त्याला ना नवीन पद लागते, ना अनुदान. लागते ती प्राचार्यांनी वेळापत्रकात दिलेली एक तासाची मोकळीक.