ढालीवरचें नांव

इ. स. २०१६ च्या जानेवारी महिन्याच्या ४ व ५ या तारखांस कल्याण येथील वायलेनगरच्या मैदानावर शाळकरी मुलांचा एक क्रिकेटचा सामना झाला. १६ वर्षांखालील मुलांसाठीं चालणाऱ्या भंडारी चषक या आंतरशालेय स्पर्धेंतील तो सामना. एका बाजूस के. सी. गांधी विद्यालय व दुसऱ्या बाजूस आर्य गुरुकुल. गुरुकुलाचा पहिला डाव ३१ धांवांत आटोपला. गांधी विद्यालयानें ३ गडी बाद १,४६५ धांवांवर डाव सोडला. दुसऱ्या डावांत प्रतिपक्षाच्या ५२ धांवा झाल्या, आणि सामना एक डाव व १,३८२ धांवांनीं निकालांत निघाला.

या आकड्यांपैकीं वाचकांच्या स्मरणांत बहुधा एकही नसेल, व त्याबद्दल त्यांस दोष देतां येणार नाहीं. त्यांच्या स्मरणांत आहे तो निराळाच आकडा, आणि तो म्हणजे १,००९. प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलानें ३२३ चेंडूंत, १२९ चौकार व ५९ षट्कार मारून, नाबाद राहून केलेल्या या धांवा होत. संध्याकाळच्या आंत ही वार्ता साऱ्या जगांत पोंचली. विजय मात्र पोंचला नाहीं. सामना कोणीं जिंकला, त्याच डावांत आणखी दोघां मुलांनीं शतकें केलीं होतीं कीं नव्हतीं, समोरचा संघ अवघ्या ३१ धांवांत कोणीं गुंडाळला, हे प्रश्न कोणास पडलेच नाहींत. इतिहास शिकविणाऱ्या माणसास या गोष्टीचें नवल वाटूं नये, कारण लढाई सैन्यानें जिंकावी व नांव सेनापतीचें राहावें हा जगाचा रिवाजच आहे. परंतु लहान मुलांच्या खेळासही आपण तोच रिवाज कां लावतों, आणि सर्वत्र तसाच तो लावतात काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

धनावडे यानें जो विक्रम मोडला त्याची हकीकतही याच वळणाची आहे. इ. स. १८९९ च्या जून महिन्यांत इंग्लंडांतील क्लिफ्टन कॉलेज या शाळेंत, वसतिगृहावसतिगृहांतील एका किरकोळ सामन्यांत, ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलानें नाबाद ६२८ धांवा केल्या. खेळ शाळा सुटल्यावर चाले, त्यामुळें तो कित्येक दुपारींपर्यंत लांबत गेला. क्लार्क्स हाउस हा त्याचा संघ ८३६ धांवा करून एक डाव व ६८८ धांवांनीं जिंकला. कॉलिन्सनें दोन डावांत मिळून अकरा गडीही बाद केले होते, हें आज क्रिकेटचे भक्तसुद्धां क्वचितच सांगूं शकतील. पुढें तो सैन्यांत गेला व १९१४ च्या नोव्हेंबरांत ईप्रच्या रणांगणावर मारला गेला. एकशें सोळा वर्षें त्याच्या नांवापुढें ६२८ हा आकडा राहिला. क्लार्क्स हाउस हें नांव त्या आकड्याची तळटीप म्हणून उरलें.

आपल्याकडे शाळकरी मुलांच्या विजयास औपचारिक मान मिळूं लागला तो मुंबईंत, आणि तोही ढालीच्या रूपानें. लॉर्ड हॅरिस हे १८९० पासून १८९५ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. राज्यकर्ते म्हणून त्यांच्याविषयीं त्या काळींही फारसें बरें बोललें जात नसे. पण ते इंग्लंडच्या संघाचें नेतृत्व केलेले नामांकित खेळाडू होते, आणि त्यांच्या नांवाची हॅरिस ढाल मुंबईच्या शाळांच्या स्पर्धेस कायमची चिकटली. तिच्याच जोडीला धाकट्या मुलांसाठीं गाइल्स ढाल आली. या दोन ढालींनीं मुंबईच्या क्रिकेटला काय दिलें तें सर्वश्रुतच आहे. येथें लक्षांत घेण्याजोगी बाब एवढीच कीं, ढाल मुलाला मिळत नाहीं, शाळेला मिळते. मुलें दोन-चार वर्षांत शाळा सोडून जातात आणि ढाल मुख्याध्यापकांच्या खोलींत राहते. तिचा मूळ हेतु सांघिक विजयाची नोंद ठेवण्याचा होता. मौज अशी कीं, ढालीवर नांव देणगीदाराचें किंवा गव्हर्नराचें, लोकांच्या तोंडीं नांव शतकवीराचें, आणि ज्या अकरा जणांनीं ती जिंकली त्यांचीं नांवें एकत्र अशीं कोठेंच नाहींत.

याचें उत्तम उदाहरण १९८८ चें आहे. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिर व सेंट झेवियर्स या शाळांमध्यें हॅरिस ढालीचा उपान्त्य सामना झाला. सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) व विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनीं तिसऱ्या गड्यासाठीं ६६४ धांवांची अभंग भागी केली. ही कथा मराठी घराघरांत पाठ आहे. पण तो सामना उपान्त्य होता, अंतिम नव्हे, हें विचारल्यावर अनेकांना थांबून आठवावें लागतें. कांबळीनें त्याच सामन्यांत पुढें गोलंदाजी करून सहा गडी घेतले, हें तर त्याच्या चाहत्यांनाही ठाऊक नसतें. नंतर अंतिम सामना झाला, शारदाश्रमानें ढाल जिंकली, आणि ज्यासाठीं हा सारा खटाटोप होता तो विजय त्या ६६४ च्या सावलींत हरवून गेला.

त्या दोन दिवसांतील एक व्यक्ति मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्यानें विसरूं नये. शारदाश्रमाचा पुढचा फलंदाज अमोल मुजुमदार हा पायांस पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसला होता. पाळी आलीच नाहीं. विजयी संघांत असून धांवफलकावर त्याच्या नांवापुढें कांहीं लिहिण्याजोगें नव्हतें. पुढें प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्यें त्यानें अकरा हजारांवर धांवा केल्या, पण भारताच्या संघांत त्याला कधींच जागा मिळाली नाहीं. अखेर २०२५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २ तारखेस, आपल्याच ठाणें जिल्ह्यांतील नवी मुंबईच्या मैदानावर, भारताच्या महिला संघानें विश्वचषक जिंकला तेव्हां त्या संघाचे प्रशिक्षक म्हणून मुजुमदार उभे होते. पाळी न आलेला मुलगाही त्या विजयाचा वाटेकरी होता, हें लोकांना पटण्यास सदतीस वर्षें लागलीं.

आतां याच्या उलट रीत कोठें आहे म्हणून पाहूं लागल्यास आयर्लंडाकडे दृष्टि जाते. त्या देशाचा इतिहास मराठी वाचकांस परका नाहीं, न. चिं. केळकरांनीं तो मराठींत लिहिला होता, आणि आमच्या आजोबांच्या पिढीनें तो स्वराज्याचा धडा म्हणून वाचला. १८८४ च्या नोव्हेंबरांत थर्ल्स या गांवीं मायकेल क्युसॅक वगैरे मंडळींनीं एकत्र येऊन आपल्या देशी खेळांच्या रक्षणासाठीं एक संस्था काढली. इंग्रजी खेळांच्या लाटेंत हर्लिंग व गेलिक फुटबॉल हे खेळ बुडूं नयेत, हा तिचा उद्देश. पुण्यास डेक्कन जिमखान्यानें १९१४ च्या सुमारास खोखोचे नियम बांधण्याचें काम हातीं घेतलें, तें अशाच भावनेनें. आयरिश संस्थेची घडण मात्र आपल्याहून निराळी झाली. खेळाडू आपल्या गांवच्या क्लबाचा आणि गांव आपल्या परगण्याचा. पगार कोणास नाहीं, आणि पैसे देऊन खेळाडू विकत घेण्याची चालही नाहीं.

या संस्थेनें १९२८ सालीं हर्लिंगमध्यें व १९२९ सालीं फुटबॉलमध्यें कुमारांची अखिल आयर्लंड स्पर्धा सुरू केली. हर्लिंगची पहिली स्पर्धा कॉर्क परगण्याच्या मुलांनीं जिंकली व फुटबॉलची क्लेअरच्या मुलांनीं. या वाक्यांत कोणत्याही मुलाचें नांव नाहीं हें वाचकांनीं पाहिलेंच असेल. तिकडे ही गोष्ट सांगतात ती अशीच. अनेक दशकें कुमारांचा अंतिम सामना डब्लिनच्या क्रोक पार्कवर, मोठ्यांच्या अंतिम सामन्याच्या दिवशीं, त्याच्या आधीं खेळविला जाई. मुलें आपल्या परगण्याच्याच रंगाचे सदरे घालून, हजारों प्रेक्षकांपुढें, त्याच हिरवळीवर धांवत. मुलांच्या विजयाला मान देण्याची याहून चांगली युक्ति मला माहीत नाहीं. फुटबॉलच्या कुमारांच्या चषकास टॉम मार्कहॅम यांचें नांव आहे. ते गव्हर्नर नव्हते, कीं शतकवीर नव्हते. कुमारांच्या स्पर्धेचा पुरस्कार करणारे क्लेअरचे एक कार्यकर्ते होते.

तिकडचें सर्वच गोड आहे असें भासविण्याचा माझा हेतु नाहीं. अलीकडे तेथेंही कुमारांतील निवडक खेळाडूंना वैयक्तिक गौरव देण्याची प्रथा आली आहे. २०१८ पासून कुमार म्हणजे अठराऐवजीं सतरा वर्षांखालील मुलें असें ठरलें, त्यावरही पुष्कळ वाद झाला. तथापि एक गोष्ट त्यांनीं विचारपूर्वक केली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं जे सामने होतात त्यांत संघ लहान असतात, प्रत्येक मुलाला पूर्ण वेळ खेळावयास मिळतें, आणि अंतिम सामना, चषक, गुणतालिका हा पसाराच ठेवलेला नाहीं. विजयाची नोंद कोणत्या वयापासून करावी, हाही नियमाचा विषय होऊं शकतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें.

आपल्या देशी खेळांकडे वळल्यास काय दिसतें? खोखो हा खरोखर साखळीचा खेळ. पाठीवर थाप देऊन उठविणारा नसेल तर सर्वांत चपळ गडीही बसूनच राहावयाचा. तरी त्याच्या राष्ट्रीय स्पर्धांतील मानाचे पुरस्कार वैयक्तिकच आहेत. पुरुषांना एकलव्य, स्त्रियांना राणी लक्ष्मीबाई, अठरा वर्षांखालील मुलांना वीर अभिमन्यु, मुलींना जानकी, आणि चौदा वर्षांखालील मुलामुलींना भरत व इला. नांवें सुंदर आहेत यांत शंका नाहीं. सिंहाचे दांत मोजणारा भरत चौदा वर्षांखालील मुलास शोभतोही. पण अभिमन्यूला शेवटीं साथ मिळाली नाहीं म्हणूनच तो पडला, ही कथा एका सांघिक खेळाच्या पुरस्कारासाठीं निवडतांना कोणाच्या मनांत आली नसावी.

निव्वळ संघाच्या नांवावर चालणारा आपल्याकडील खेळ एकच, आणि त्याचें मोठें क्षेत्र ठाणें शहर हेंच आहे. दहीहंडीच्या पथकांत कोणाचेंही नांव पुकारलें जात नाहीं. २०१२ सालीं ठाण्यांत जोगेश्वरीच्या जय जवान पथकानें नऊ थर लावून ४३.७९ फूट उंची गांठली व गिनीज बुकांत नोंद झाली, ती पथकाची. २०२५ सालीं ठाण्यांतच कोकणनगर पथकानें दहा थर लावले, तेही पथकाचेच. पायाशीं उभा राहून साऱ्यांचा भार खांद्यावर घेणारा तरुण निनांवी, आणि अगदीं वर चढून हंडीला हात घालणारें पोरही निनांवीच. येथें मात्र दुसऱ्या टोंकाची अडचण उभी राहते. वरच्या थरावर चढणाऱ्या पोराचें वय काय, हें वर्षानुवर्षें कोणीं विचारलें नाहीं. अखेर प्रकरण न्यायालयांत गेलें आणि २०१७ सालापासून चौदा वर्षांखालील मुलांस थरांत घेण्यास मनाई झाली. २०२२ सालीं राज्य सरकारनें दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदांना सरकारी नोकरींतील खेळाडूंच्या पांच टक्के राखीव जागांचा लाभ देण्याचें जाहीर केलें. त्यावर टीका झाली ती अशी कीं, पथकांत नक्की कोण होतें याची नोंद तरी कोठें असते? पथकाचें नांव मोठें व्हावें आणि त्यांतील मुलाची दखल कोणींच घेऊं नये, हीही कांहीं चांगली नोंद नव्हे.

म्हणूनच सरकारी प्रमाणपत्र या रुक्ष कागदाविषयीं मला अलीकडे थोडी आस्था वाटूं लागली आहे. शालेय स्पर्धांतील यशाबद्दल शालान्त परीक्षेंत वाढीव गुण मिळतात, आणि पालक त्याच हिशेबानें मुलांस मैदानावर पाठवितात, ही तक्रार प्रत्येक शिक्षकाच्या तोंडीं असते व ती खरीही आहे. परंतु तें प्रमाणपत्र विजयी संघांतील मुलांच्या नांवांनीं वेगवेगळें निघतें. शतक करणाऱ्यास व सीमारेषेवर दिवसभर उभें राहिलेल्यास कागद सारखाच. ढाल, वर्तमानपत्र आणि पुरस्कार-समिति या तिघांनाही जें साधलें नाहीं तें एका कारकुनी नमुन्यानें साधलें आहे.

कल्याणच्या त्या सामन्याची आणखी एक बाजू सांगावयाची राहिली. दुसऱ्या शाळेचे नेहमींचे थोरले खेळाडू परीक्षेमुळें आले नव्हते, आणि मैदानांत उतरलेल्यांपैकीं बरीच मुलें वयानें लहान होतीं, असें त्या वेळीं वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालें. सीमारेषा आंखूड होती, झेल कित्येक सुटले, हेंही छापून आलें. यानें धनावड्याच्या पराक्रमास कमीपणा येतो असें मी म्हणत नाहीं. एक हजार धांवा होईतों उभें राहणें हें शरीराचें व मनाचें कामच आहे. पण त्या लहान मुलांनीं पहिला सारा दिवस आणि दुसऱ्या दिवसाचा मोठा भाग चेंडूमागें धांवून काढला, आणि नंतर ५२ धांवा केल्या. पहिल्या डावापेक्षां २१ अधिक. त्यांच्या वाट्याला या सामन्याची जी प्रसिद्धि आली ती उपहासाचीच होती.

विजयी मुलाच्या वाट्याला काय आलें तेंही पाहण्याजोगें आहे. त्याचे वडील रिक्षा चालवीत. मुंबई क्रिकेट असोसिएशननें त्याला दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ति पांच वर्षांसाठीं जाहीर केली. राज्य सरकारनेंही शिक्षणाच्या व प्रशिक्षणाच्या खर्चाचें आश्वासन दिलें. पुढचा हंगाम आला, आणि प्रत्येक मैदानावर लोक त्याच्याकडून हजारांची अपेक्षा करूं लागले. वीस-तीस धांवा करून बाद होणें हा इतर कोणत्याही मुलाचा हक्क असतो. याचा तो हक्क १,००९ या आकड्यानें हिरावून घेतला. २०१७ सालीं वडिलांनीं असोसिएशनला पत्र लिहून कळविलें कीं, मुलाचा खेळ सध्यां उतरला आहे, तरी शिष्यवृत्ति बंद करावी. मुलगा तेव्हां सोळा-सतरा वर्षांचा होता.