बैल सोडायला जागा

आमच्या गावाचे आडनाव रेल्वे आहे. नुसते 'धामणगाव' लिहिले तर पत्र गावोगाव हिंडून येईल, कारण याच अमरावती जिल्ह्यात धामणगाव गढी आहे आणि तिकडे बुलढाण्यात धामणगाव बढे. शेजारच्या चांदूरचीही हीच तऱ्हा. जिल्ह्यात चांदूर दोन, एक रेल्वे आणि एक बाजार. भावाभावांनी वाटणी करावी तसे एकाने गाडी घेतली, दुसऱ्याने दुकान. आमच्या वाट्याला कागदोपत्री रेल्वे आली, पण आम्ही जगलो ते बाजारावर. आणि बाजार कशावर जगला, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. मी बँकेत कारकून आहे, इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. पण इतिहास म्हणजे तरी दुसरे काय असते? मागील पानावरून पुढे!

तर मागील पान असे आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाडचे प्रेम आले. १८६७ साली जी. आय. पी. रेल्वेचे रूळ नागपूरला पोचले. यवतमाळ मात्र रुळापासून लांब राहिले. यवतमाळकरांना धामणगावचे स्टेशन २९ मैलांवर, आणि मधे पक्की सडक. झाले! तिकडचा कापूस बंड्या भरभरून आमच्या दारात येऊ लागला. यात आमच्या पूर्वजांचे कर्तृत्व काही नाही. बचत खात्यावर व्याज पडावे तसा हा भूगोल आपसूक जमा झाला.

२९ मैल म्हणजे बैलांच्या पायांनी अख्खी रात्र आणि वर बराचसा दिवस. आसाखाली कंदील लोंबकळतोय, गाडीवान झोपलाय आणि रस्ता बैलांना पाठ आहे. अशी बंडी धामणगावात शिरली की पहिले काम कापूस विकायचे नव्हे. पहिले काम बैल सोडायचे. जू उतरवायचे, पाणी दाखवायचे, पुढ्यात कडबा टाकायचा, मग दलालाकडे. मराठीत याला 'गाडीतळ' असा झकास शब्द आहे. आता आपण पार्किंग म्हणतो. शब्द बदलला आणि तळ गेला, हे एकाच वेळी झाले की काय कोण जाणे.

या तळाभोवती बाजार कसा उगवतो ते पाहा. बैल थांबले म्हणजे कडबा-ढेपवाला आला. पत्री मारणारा आला, धाव बसवणारा लोहार आला. गाडीवानाला भूक लागली म्हणजे भजी आणि आलुबोंडा आला. कापूस विकून हातात रोकड पडली, पण बैलांचा कडबा संपायला अजून तास आहे. एवढ्यात शेतकरी काय करील? पोराला सदरा घेईल, बायकोला लुगडे घेईल, आणि पीक चांगले असले तर सराफाच्या पायरीवर जरा टेकेल. बाजारपेठेची श्रीमंती बैलाच्या त्या तासाभराच्या रवंथावर उभी होती, असे मी म्हटले तर शेठ लोक रागावतील, पण हिशेब जुळतो.

वऱ्हाडला हे फार लवकर कळले होते. कापसाचा पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली कारंज्याला उभा राहिला. मग १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी खास कायदाच आला. बाजाराची जागा ठरली, समिती आली, दलाल-मापाऱ्यांना परवाने आले आणि फी आली. माल कोणी, कुठे, कसा आणायचा, या भानगडीला कायद्याची शिस्त लागली. अहो, लंडनमध्ये टांगे-बग्ग्यांची गर्दी चालू होती तेव्हा आमच्याकडे बाजाराच्या जागेचा कायदा होता!

पण खरी शिस्त लावली ती कायद्याने नव्हे, बैलाने. उभा बैल खातो. गाडी उभी ठेवायला पावती फाडावी लागत नसेल, तरी कडबा फाडावा लागत असे. मी लहान असताना एकाधिकार कापूस खरेदीच्या रांगा पाहिल्या आहेत. ती योजना १९७२ ची, पण रांगा पुढे कित्येक वर्षे लागत होत्या. नंबर लागेपर्यंत रात्र उलटायची आणि शेतकरी हळहळायचा की निम्मे पैसे बैलांनीच खाल्ले. म्हणजे काय, तर थांबायला किंमत होती. काम झाले की माणूस बैल जुंपून निघे आणि त्याच्या जागी दुसरा येई.

मोटरसायकल उभी राहून काही खात नाही. तिचा हाच मोठा दोष.

आता कापूस ट्रॅक्टरने, पिकअपने परस्पर गावाबाहेरच्या जिनिंगवर जातो. पैसे खात्यात जमा होतात. म्हणजे रोकड घेऊन बाजारात उभा राहणारा शेतकरी आता माझ्या काउंटरवर येतो. आणि कसा येतो? त्याचा एक डोळा माझ्या नोटांवर आणि दुसरा दारावर.

"साहेब, जरा लवकर करा ना. गाडी रोडावरच उभी हाय."

"अहो, नीट बाजूला लावायची!"

"कुठी लावू? ठेवाले जागाच नाई ना बाप्पा!"

नोटा न मोजता खिशात कोंबून तो पळतो. बँकेच्या नोटा न मोजता घेणारा वऱ्हाडी माणूस! जागेअभावी माणसाची किती अवनती होते पाहा. सदरा राहिला, लुगडे राहिले, आलुबोंडासुद्धा राहिला. पुढे घरात जास्तीच खरेदी निघाली तर तो मुलाच्या गाडीतून थेट नागपूर गाठतो. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातूनच जातो, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी तो खुला झाल्यापासून नागपूर दीड तासावर आले आहे. तिकडे मॉलच्या पोटात गाडी ठेवायला पैसे पडतात. ते तो मुकाट्याने देतो, आणि वर सहा हजारांची खरेदी करून येतो.

"गिऱ्हाईकच राहिलं नाही हो बाबूजी," आमच्या ओळीतले एक कापडवाले शेठजी परवा सुस्कारा टाकून म्हणाले. त्यांच्या दुकानासमोर तीन दुचाक्या उभ्या होत्या. एक शेठजींची, एक चिरंजीवांची, एक नोकराची. सकाळी दहाला लावलेल्या, रात्री आठला हलणाऱ्या. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर दुकानासमोरची जागा म्हणजे चालू खाते. तिथे सारखी देवघेव व्हावी. शेठजींनी तिथे मुदत ठेव ठेवली होती, तीही बिनव्याजी. अर्ध्या अर्ध्या तासाने गिऱ्हाईक बदलले तर दहा तासांत एका जागेवर वीस गिऱ्हाइके. तीन जागांवर साठ! त्यातली चाळीस नुसती भाव विचारून गेली असे धरले, तरी वीस उरतात.

हे दुखणे फक्त आपलेच आहे असे समजून लाजू नका. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत १९३० नंतर हीच रड होती. नोकरदार सकाळी बाजारात मोटार लावत ते संध्याकाळी काढत, आणि गिऱ्हाईक गल्लीगल्लीतून चकरा मारून घरी जाई. कार्ल मॅगी नावाच्या पत्रकाराने त्यावर नाणे टाकायचे यंत्र बसवायची टूम काढली, आणि १६ जुलै १९३५ रोजी जगातला पहिला पार्किंग मीटर तिथे उभा राहिला. तासाला पाच सेंट. मॅगीने मोटारीला कडबा खायला शिकवले, दुसरे काय! पुढे पॅसाडेना गावाने १९९३ साली जुन्या पेठेत मीटर लावले आणि जमलेला पैसा त्याच पेठेच्या फुटपाथ-सफाईला घातला. ओसाड पडलेली पेठ पुन्हा नांदू लागली. डोनाल्ड शूप या प्राध्यापकाने तर फुकट पार्किंग किती महाग पडते यावर २००५ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे एवढेच, की दर असा ठेवा की सातातली एक जागा नेहमी रिकामी राहील.

इथे आमच्या गावात एक धोका आहे. दर म्हटले की आपल्याकडे एकदम दंडच डोळ्यांसमोर येतो. २०१९ साली मुंबईत महापालिकेच्या वाहनतळांजवळ रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला पाच हजारांपासून तेवीस हजारांपर्यंत दंड लावायचे ठरले. तेवढ्यात आमच्याकडे जुनी स्कूटर येते, आणि ती लावायला पुन्हा जागा लागते! शेतकऱ्याला धाक नको आहे, जागा हवी आहे. पहिला अर्धा तास फुकट, मग तासाला पाच रुपये, म्हणजे अर्धा चहा. कामापुरते येणाऱ्याला ते जाणवणार नाही. दिवसभर गाडी ठाण मांडून ठेवणाऱ्याला मात्र महिन्याला हजारभर रुपयांचा कडबा पडेल, आणि मग तो गाडी घरी ठेवील. त्या पैशातून पेठेत सावलीला दोन झाडे आणि प्यायला पाणी एवढे केले तरी गाडीतळ परत आला म्हणायचा.

ही सगळी योजना मी शेठजींना आकडेवारीनिशी समजावून सांगितली. ओक्लाहोमा सांगितले, कारंजा सांगितले, मुदत ठेव आणि चालू खातेही सांगितले. शेठजींनी चहा मागवला, म्हणजे मुद्दा पटला होता. बराच वेळ विचार करून ते म्हणाले,

"बाबूजी, एकदम बरोबर. पाच रुपये तास, काही जास्त नाही. झालंच पाहिजे."

मग माझ्याकडे वाकून हळूच विचारले, "पण आपल्यासाठी महिन्याचा पास निघेल ना?"