रक्तवाहिन्या वाढविणाऱ्या प्रथिनाची हकीकत

शरीरात रक्त फिरते हे विल्यम हार्वे याने १६२८ साली दाखवून दिले. १६६१ साली माल्पीगी याला बेडकाच्या फुप्फुसात केसाहून बारीक वाहिन्यांचे जाळे दिसले आणि हार्वेच्या सिद्धांतातील उणा दुवा जुळला. शेतातले पाट दिसले. परंतु नवा पाट कोणाच्या सांगण्यावरून निघतो, हा प्रश्न पुढे जवळजवळ तीन शतके अनुत्तरितच राहिला. त्याचे उत्तर आज उंदराच्या एका प्रथिनाच्या रूपाने प्रयोगशाळेतल्या लहानशा कुपीत बसलेले आहे. ते तेथवर कसे आले, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

१९४८ साली मायकेलसन या नेत्रवैद्याने असे अनुमान केले की, डोळ्याच्या पडद्यातूनच काही द्रव्य पाझरत असावे व त्यामुळे तेथे वाहिन्या वाढत असाव्यात. पुढे १९६० नंतर जूडा फोकमन या तरुण शल्यवैद्याने शरीराबाहेर जगविलेल्या ग्रंथीत उंदराच्या अर्बुदाच्या पेशी रुजविल्या. गाठी एकदोन मिलिमीटर वाढल्या आणि थबकल्या. त्याच गाठी पुन्हा उंदरात घालताच झपाट्याने फोफावल्या. उंदरात त्यांना नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या होत्या. ग्रंथीत त्या मिळाल्या नव्हत्या. यावरून फोकमनने १९७१ साली मांडले की, अर्बुद स्वतःच रक्तवाहिन्यांना बोलावून घेते. ही हाक बंद पाडली तर अर्बुदाची वाढ खुंटेल. पुष्कळांनी या म्हणण्याकडे संशयाने पाहिले.

आता योगायोग पाहा. १९८३ साली सेंगर, ड्वोराक आदी संशोधकांना अर्बुदांच्या स्रावात एक द्रव्य सापडले. त्याने रक्तवाहिन्या झिरपू लागत. म्हणून त्याला तसेच नाव मिळाले. १९८९ साली नेपोलियन फेरारा याने गाईच्या पोषग्रंथीच्या पेशींतून एक द्रव्य वेगळे केले. त्याने रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी वाढत. त्याच वर्षी दोन्हींची जनुके वाचली गेली, तेव्हा उलगडा झाला की दोन्ही द्रव्ये एकच! दोन वाटसरू दोन वेशींतून एकाच गावात शिरले होते.

जनुक हाती आल्यावर स्रावातून कणकण वेचण्याचे कारण उरले नाही. ते जंतूंत किंवा अन्य पेशींत घालावे, त्यांच्याकडून प्रथिन करवून घ्यावे, शुद्ध करून सुकवावे, अशी रीत पडली. माणसाच्या या प्रथिनाच्या प्रमुख प्रकारात १६५ अमिनो आम्ले असतात, उंदराच्यात १६४. फरक थोडा, तरीही उंदराच्या शरीरावरील प्रयोगात उंदराचेच प्रथिन वापरणे अधिक विश्वासाचे. ते पेशींवर घालावे आणि वाहिन्या कशा फुटतात ते पाहावे, एवढे त्याचे काम. ते औषध नव्हे.

परंतु त्याचे महत्त्व उंदरांनीच पटविले. १९९६ साली असे आढळले की, या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी नाहीशी केली, तरी उंदराचा गर्भ जगत नाही. उलट १९९३ सालीच, माणसाचे अर्बुद रुजविलेल्या उंदरांना या प्रथिनाला अडविणारे प्रतिद्रव्य दिले असता अर्बुदाची वाढ मंदावली होती. जे गर्भाला जगविते, तेच अर्बुदालाही पोसते. म्हणून त्याला मित्र अथवा शत्रू म्हणण्यात अर्थ नाही.

त्या प्रतिद्रव्यापासून घडविलेल्या बेव्हासिझुमॅब या औषधाला २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात, नेहमीच्या औषधांबरोबर ते दिल्यावर रुग्णांचे मध्यम आयुर्मान १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेले. स्तनाच्या कर्करोगासाठी दिलेली मान्यता मात्र २०११ साली काढून घेण्यात आली. डोळ्याच्या पडद्याच्या विकारात याच मार्गाने अनेकांची दृष्टी वाचली.

१९७१ ते २००४ ही तेहतीस वर्षे. एवढ्या काळात ज्यांनी फोकमनला हसण्यावारी नेले ते चुकले, आणि कर्करोग आता संपलाच असे ज्यांना वाटले तेही चुकले. पाच महिने म्हणजे रोगमुक्ती नव्हे. पण ज्या घरात रुग्ण आहे, त्या घराला पाच महिन्यांची किंमत विचारावी. ती कळली म्हणजे उंदरावरच्या त्या बारीकसारीक प्रयोगांचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.